आधी कोबा, मग पाना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दहिसरला बैठं घर, घराच्या बाजूला १२ फूट रुंद आणि २० फूट लांब अशी मोकळी पट्टी. तिथे सध्या अर्धी माती, अर्धे पेव्हर ब्लॉक. गाड्या दोन: २०१५ ची स्विफ्ट, तिला नंतर सीएनजी किट बसवलेलं, आणि वडिलांची २००७ ची मारुती ८००. हातात दीड लाख रुपये. दोन्ही गाड्यांचं काम घरीच करायचं आहे, म्हणून टूल सेट कुठल्या कंपनीचा घेऊ, कॉम्प्रेसर किती लिटरचा घेऊ, आणि गाडीखाली शिरायला खड्डा खणू की लिफ्ट बसवू, असं तुम्ही विचारलंय.

मी आयटीआय करून गॅरेजला लागलो त्याला २६ वर्षं झाली. त्यातली शेवटची ११ स्वतःच्या गाळ्यात. घरी गॅरेज करायचं म्हणून सल्ला मागायला येणारा प्रत्येक जण टूल सेटपासूनच सुरुवात करतो. साहजिक आहे, चकचकीत पेटी बघून कुणाचेही हात शिवशिवतात. पण तुमच्या दीड लाखातला निम्मा पैसा जमीन, वीज आणि उजेड यांत घालायचा आहे. हे ऐकायला कंटाळवाणं वाटेल, म्हणून का ते आधी सांगतो.

एका रविवारी मेव्हण्याची झेन आमच्या सोसायटीच्या आवारात उचलली. पुढचे ब्रेक पॅड बदलायचे होते, अर्ध्या तासाचं काम. खाली पेव्हर ब्लॉक. आता ट्रॉली जॅकचं एक असतं, त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत वर जातो. त्यामुळे गाडी वर जाते तसा जॅक स्वतःच्या चाकांवर थोडा पुढे सरकतो, आणि तो सरकायलाच हवा. माझ्या जॅकचं एक चाक दोन ब्लॉकच्या फटीत बसलं. जॅक सरकेना, मग गाडी जॅकच्या डोक्यावरून सरकायला लागली. आवाज असा काही झाला नाही, नुसतं 'कर्र' झालं आणि गाडी हळूच एका बाजूला बसली. काढलेलं चाक मी सवयीनं दाराखालच्या पट्टीखाली आडवं टाकून ठेवलं होतं, गाडी त्याच्यावर टेकली. मेव्हणा तेवढ्यात चहा घेऊन आला आणि म्हणाला, झालं का काम? पंधरा वर्षं गॅरेजात काढलेल्या माणसाची ही गत, कारण खालची जमीन बरोबर नव्हती. गॅरेजात सपाट कोबा असतो, म्हणून तिथे हे कधी शिकायलाच मिळालं नव्हतं.

तर आधी जमीन. पेव्हर ब्लॉक काढून टाका, कुंड्यांभोवती लावा. डांबरही नको, मे महिन्यात ऊन लागलं की घोडीचे, म्हणजे उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडचे, पाय त्यात रुततात. गवंड्याला सांगायचं ते असं: वरची भुसभुशीत माती काढून, धुमस करून (म्हणजे ठोकून घट्ट करून) दगडांचा थर, म्हणजे सोलिंग, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर लोखंडी जाळी घालून ४ इंच एम-२० काँक्रीट (एम-२० ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत). जाळी काँक्रीटच्या मधोमध राहिली पाहिजे. खाली लोळत पडली तर ती असून नसल्यासारखी. २४० चौरस फुटांना ४ इंच म्हणजे ८० घनफूट माल, सिमेंटची १८ ते २० पोती लागतील. गवंडी १२ पोत्यांत करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. प्लॅस्टिकचा कागद विसरू नका. दहिसरला पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं. खालून ओल आली की वर लावलेला इपॉक्सी रंग फोड आल्यासारखा उचलला जातो.

उतार गेटच्या दिशेने शंभराला एक, म्हणजे २० फुटांत साधारण अडीच इंच. गवंड्यांना अंगणाची सवय असते, पाणी भराभर वाहून जावं म्हणून ते याच्या दुप्पट-तिप्पट उतार देतात. तसं करू देऊ नका, उतारावर उचललेली गाडी पळायला बघते. वरून झाडू फिरवून किंचित खरखरीत ठेवा. कोटा किंवा चकचकीत टाइल्स लावायचा मोह घरातून होईल, दिसायला छान दिसतात म्हणून. तेलाचे चार थेंब पडले की त्यावर माणूस उभा राहत नाही. काँक्रीटवर वाफे करून निदान दहा दिवस पाणी ठेवा आणि २८ दिवस गाडी आत आणू नका. हे सगळं मेच्या मध्यापर्यंत उरकलं पाहिजे, नाहीतर थेट दिवाळीनंतर.

आणखी एक काम फुकटचं आहे. २६ जुलै २००५ ला तुमच्या गल्लीत पाणी कुठवर चढलं होतं ते वडिलांना विचारा. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता आणि दहिसर नदीनं काय केलं ते तुमच्याकडच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असेल. त्या उंचीवर भिंतीला खडूने रेघ मारा. विजेचा एकही पॉइंट त्या रेघेखाली नको, आणि कॉम्प्रेसर, बॅटरी चार्जर यांची जागाही वरच.

डोक्यावर पत्रे टाकायचे असतील तर आधी महापालिकेच्या आर उत्तर वॉर्डाच्या ऑफिसात विचारून या. घराच्या बाजूची मोकळी जागा ही नियमानुसार मोकळी सोडलेली असते, तिच्यावर कायमची शेड म्हणजे बांधकाम. पावसाळ्यापुरत्या शेडची परवानगी वेगळी मिळते. शेजाऱ्याने तक्रार केल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी एक चक्कर मारलेली बरी.

आता खड्डा. नको. जुन्या गॅरेजांत असायचा, मीही त्यात उभं राहून शिकलो, पण तुमच्या जागेत तो खणणं म्हणजे संकटाला घर बांधून देणं. जूनमध्ये तो पाण्याने भरेल आणि त्यात डास होतील, ही सोपी अडचण. खरी अडचण पेट्रोलच्या वाफेची. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत वाहते आणि जिथे खोलगट जागा सापडेल तिथे साठून राहते. फ्युएल फिल्टर बदलताना सांडलेलं वाटीभर पेट्रोल खड्ड्यात दिसत नाही, पण त्याची वाफ तिथे असते. वर हातात वायरचा दिवा घेऊन माणूस उतरतो. पुढचं सांगायला नको.

आणि तुमच्या बाबतीत याची दुसरी बाजूही आहे, कारण स्विफ्टला सीएनजी आहे. सीएनजी म्हणजे मुख्यत्वे मिथेन, तो हवेपेक्षा हलका, जवळजवळ निम्म्या वजनाचा. तो गळला तर छताला जाऊन साठतो. म्हणजे एका गाडीचा धोका पायाशी आणि दुसरीचा डोक्यावर. म्हणून भिंतीला जमिनीपासून चार-सहा इंचांवर एक जाळी आणि छताच्या अगदी खाली दुसरी, समोरासमोर. शटर लावायचं असेल तर जाळीचं लावा. इंजिन चालू ठेवून काम करायचं तर गाडीचं तोंड आत आणि सायलेन्सर गेटकडे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होईपर्यंत कळत नाही, आणि डोकं जड झाल्यावर उठून बाहेर जायचं सुचत नाही.

सीएनजी किटच्या जाड नळीला हात लावायचा नाही, तिच्यात २०० बारचा दाब असतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करायची असते, ती तारीख सिलिंडरवरच्या पट्टीवर बघून घ्या. बऱ्याच जणांची उलटून गेलेली असते आणि पंपावरचा माणूस नोझल परत ठेवतो तेव्हाच कळते.

लिफ्टचं एका वाक्यात सांगतो. दोन खांबांच्या लिफ्टला साधारण १२ फूट मोकळी उंची आणि याहून बरंच जाड काँक्रीट लागतं, तुमच्याकडे दोन्ही नाही. त्याऐवजी पुढच्या चाकांखाली घालायचे लोखंडी रॅम्प करून घ्या, तुमच्या दहिसरलाच कुठलाही फॅब्रिकेशनवाला बनवून देईल. तेल बदलायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

जागेची मांडणी. स्विफ्टची रुंदी १.७ मीटर धरा, म्हणजे साडेपाच फुटांच्या थोडी वर. १२ फुटांत उरतात जवळजवळ साडेसहा फूट. गाडी मधोमध लावली तर दोन्हीकडे सव्वातीन फूट, आणि दार उघडलं की कुठल्याच बाजूला नीट बसता येत नाही. त्यापेक्षा गाडी एका भिंतीकडे सरकवा. तिकडे अडीच फूट, दुसरीकडे चार. चार फुटांच्या बाजूला जमिनीवर बसून चाकाचं काम होतं. दुसऱ्या बाजूचं काम आलं की गाडी उलटी आत घ्यायची. कामाचं टेबल आतल्या भिंतीला, दोन फूट खोल. अँगलचा सांगाडा, वर जाड प्लाय, त्यावर पत्रा. उंची तुमच्या मनगटाच्या थोडी वर. व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा, पाच इंची, आणि तो टेबलाच्या पायाच्या बरोबर वर बसवा. मधे बसवला तर हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला टेबल ढोलासारखं वाजतं.

वीज. घराच्या मुख्य बोर्डापासून गॅरेजला वेगळी लाइन काढा, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारी). ही आरसीसीबी वैकल्पिक नाही. ओल्या काँक्रीटवर अनवाणी उभं राहून ग्राइंडर चालवणारा माणूस मी डोळ्यांनी बघितलाय, आणि तो आज धडधाकट आहे तो केवळ आरसीसीबी वेळेवर पडली म्हणून. अर्थिंग आहे की नुसती हिरवी वायर लोंबतेय, ते वायरमनकडून मोजून घ्या.

दिवे छताच्या मधोमध लावू नका. बॉनेट उघडलं की ते बरोबर दिव्याच्या आड येतं आणि इंजिनवर अंधार. २० वॉटच्या चार एलईडी ट्यूब, दोन्ही बाजूंच्या भिंतींना, खांद्याच्या थोड्या वर. गाडीखाली न्यायला चार्जिंगचा, मागे लोहचुंबक असलेला दिवा घ्या. तारेच्या जाळीतला जुना काचेचा बल्ब असेल तर फेकून द्या. तापलेल्या काचेवर पेट्रोलचा थेंब पडला की ती फुटते, आणि आतली तार तेव्हा लालच असते. दाराजवळ, लक्षात घ्या, दाराजवळ, आतल्या कोपऱ्यात नाही, ४ किलोचा एबीसी पावडरचा आगविझवणारा सिलिंडर. आग लागली तर माणूस दाराकडे पळतो, तिथेच तो हाताला लागला पाहिजे.

इथवर ८०-८५ हजार गेले असतील. आता उचलण्याचं सामान, यात काटकसर नको आणि यातलं काहीही जुनं घेऊ नका. ३ टनांचा ट्रॉली जॅक एक, आणि ३ टनांच्या घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, चार. दोन घेऊन भागतं असं दुकानदार सांगेल. सुरुवातीला भागतंही, पण मागची-पुढची दोन्ही चाकं काढायची वेळ येतेच आणि तेव्हा लोक विटा लावतात. वीट भार सोसते सोसते आणि अचानक भुगा होते. गाडीबरोबर आलेला स्क्रू जॅक स्टेपनी बदलण्यापुरता, त्याच्या भरवशावर गाडीखाली बोटसुद्धा घालायचं नाही.

क्रम असा ठेवा आणि घाईतही मोडू नका. जे टोक उचलणार नाही त्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल. मग उचलायचं. जॅक कुठे लावायचा ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट असतं. दाराखालच्या पट्टीला दोन खाचा दिसतील, त्यांच्या मधला भाग. तेलाच्या चेंबरला जॅक लावायचा नाही, पत्र्याचं असतं ते, वाटीसारखं आत जातं. जॅकच्या डोक्यावर जुन्या टायरचा तुकडा ठेवला तर पट्टी चेपत नाही. घोडी लावा, जॅक उतरवून भार घोडीवर घ्या, आणि मग गाडीला कंबरेने एक चांगला धक्का द्या. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. शेवटी काढलेलं चाक पट्टीखाली. माझ्या झेनच्या गोष्टीत तेवढंच एक शहाणपण होतं.

आता टूल. २०० नगांची पेटी घेऊ नका. त्यातले दीडशे नग तुम्ही उघडणारही नाही आणि जो लागतो तो त्यात नसतो. तुमच्या दोन्ही गाड्या सुझुकीच्या वळणाच्या आहेत, त्यांचे नट-बोल्ट बहुतेक ८, १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटरचे. युरोपियन गाडी असती तर १३, १६, १८ आणि चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स लागले असते. म्हणून ८ ते १९ चा एका बाजूला रिंग आणि दुसऱ्या बाजूला फिक्स असा पान्यांचा संच, अर्धा इंची आणि तीन-अष्टमांश इंची गोट्या, म्हणजे नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट, दोन्हीला रॅचेट आणि लांब एक्स्टेंशन. गोटी सहा कोनांची घ्या. बारा कोनांची पटकन बसते, पण गंजलेल्या बोल्टवर तीच घसरते आणि डोकं गोल करून ठेवते. १० ची गोटी तीन घ्या. विनोद नाही, ती हरवते. कुठे जाते ते २६ वर्षांत मला कळलेलं नाही.

कंपनीचं विचारलंत तर घरगुती कामाला टपारियाचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर पुष्कळ झाले. नाशिकचा माल, माझ्या गाळ्यात पहिल्या दिवसापासूनचे अजून आहेत. खरेदीला मशीद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटला जा, मोटारीच्या ॲक्सेसरीच्या दुकानात नको. शनिवारी सकाळी जा, चिठ्ठी घेऊन, आणि हातात धरून बघून घ्या. विजेचं सामान तिथून चालत गेलात की लोहार चाळीत. जुनं काय चालतं? व्हाइस, हातोडी, ऐरण, जाड रिंग पाने, हे चोर बाजारात शुक्रवारी पहाटे भरतो त्या जुम्मा बाजारात निवडून मिळतं, आणि जुनं लोखंड कधी कधी नव्याहून सरस असतं. जॅक, घोडी, टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते आकड्यात सांगणारा पाना) मात्र नवंच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून ८०० चे आरसे, दाराची हँडलं, सीटचे भाग खुशाल आणा. ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा कुठलाही भाग तिथून नको.

टॉर्क रेंच लोकांना चैन वाटते. माझ्याकडे एक पोरगा होता, अंगाने दणकट, मन लावून काम करणारा. तेलाच्या चेंबरचा बोल्ट आवळताना 'अजून थोडा' म्हणत तो जोर देत राहिला. आवळता आवळता हात एकदम हलका झाला, लोण्यात फिरल्यासारखा. आटे गेले. नव्वद रुपयांच्या कामात लेथवाल्याकडे चेंबर नेऊन नवे आटे पाडून आणावे लागले, गिऱ्हाईक दोन दिवस रिक्षाने फिरलं, पैसे मी भरले. हाताचा अंदाज दहा-बारा वर्षांनी येतो. तोवर आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा, रेंचवर लावायचा, 'टक' झालं की थांबायचं. तो सोडवायला वापरायचा नाही आणि काम झालं की सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. ऑइल फिल्टरला तर रेंचही नको. रबराला तेल लावून हाताने टेकेपर्यंत, मग हातानेच पाऊण फेरा.

स्विफ्टसाठी एक ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि इंजिनचा दिवा का लागला ते मोबाइलवर सांगतो. तो सांगतो तेवढ्यावर भाग बदलत सुटू नका. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. उंदराने त्याची वायर खाल्लेली असू शकते, आणि मुंबईत तीच शक्यता मी आधी बघतो. त्यावरून आठवलं, गॅरेजात तांदळाची पोती, पक्ष्यांचे दाणे, जुन्या रद्दीचे गठ्ठे ठेवू नका. आई म्हणेल तेवढं एक पिंप ठेवते म्हणून. नको म्हणा.

कॉम्प्रेसर पहिल्या वर्षी घेऊच नका. घरी लागतो कशाला? टायरमध्ये हवा भरायला पायपंप किंवा १२ व्होल्टचा छोटा पंप पुरतो, नट खोलायला लांब दांडा. आपल्या हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत इतकं पाणी साठतं की पावसाळ्यात रोज खालचा कॉक उघडून काढावं लागतं. काढलं नाही तर टाकी आतून गंजते, आणि आतून गंजलेली दाबाची टाकी ही काही टेबलाखाली ठेवायची वस्तू नाही. पुढे घ्यावासा वाटलाच तर ५० लिटर, २ एचपी, पाणी अडवणाऱ्या फिल्टरसकट.

गंजाचं मात्र पहिल्याच पावसाळ्यात बघावं लागेल. जूनमध्ये चकचकीत ठेवलेला पाना गणपतीपर्यंत विटकरी होतो. काम संपलं की प्रत्येक नग तेलाच्या फडक्याने पुसून ठेवायचा, उघड्यावर टांगण्यापेक्षा बंद पेटीत, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. पेटी थेट काँक्रीटवर नको, फळीवर ठेवा. ब्रेक ऑइलची बाटली छोटी घ्या, तिची तर वेगळीच तऱ्हा. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गेल्या वर्षीची अर्धी बाटली दिसायला जशीच्या तशी असते, पण त्यात पाणी मुरलेलं असतं. घाटात उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पाय सरळ फ्लोअरपर्यंत जातो. गाडीतलंही दर दोन वर्षांनी बदला, आणि रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतं.

जुनं तेल गटारात ओतलं तर तुमचीच दहिसर नदी आणि तुमच्याच दारातला चिखल. वापरलेलं इंजिन ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. पाच लिटरच्या जुन्या कॅनमध्ये भरून ठेवा, ऑइल फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळा, आणि जवळच्या मोठ्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडे तेल नेणारा अधिकृत माणूस येतो. बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदारच घेतो आणि वर पैसे कमी करतो. तेलकट फडकी झाकणाच्या डब्यात. गाडीखाली अंथरायला नाक्यावरचा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स उत्तम. तेल झिरपत नाही, पुसता येतो, आणि साहेबांचाही लोकांना काही उपयोग होतो. फक्त त्यावर तेल पडलं की पुसायचं, पाय सटकतो.

इमारतीत राहणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: स्टिल्टमधली जागा गाडी उभी करायला दिलेली असते, गॅरेज चालवायला नाही. नियमात मोठ्या गाडीच्या जागेची रुंदी अडीच मीटर, त्यात घोडी लावून बाजूला बसणं तसंही होत नाही. बॅटरी, एअर फिल्टर, वायपर, बल्ब, प्लग एवढं तिथे करा, सोसायटीच्या मीटरवर वायर टाकू नका, आणि सेक्रेटरींना आधी सांगा. तुम्हालाही शेजारी आहेतच. ग्राइंडर आणि हातोडी रविवारी दुपारी दोन ते चार बंद. रात्री दहानंतर आवाज कायद्यानेच बंद असतो, पण दुपारच्या झोपेतून उठवलेला शेजारी कायद्यापेक्षा कडक.

पहिल्या वर्षी कशाला हात लावायचा नाही तेही सांगतो. एअरबॅग आणि तिच्या पिवळ्या वायरी. एसीचा गॅस. पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंग, दाबून बसवलेली असते, सुटली तर हाड मोडते. क्लच आणि गिअरबॉक्स. यासाठी ओळखीचं गॅरेज ठेवा, आणि तिथे जाऊन उभं राहून बघा. घरी काम करतो म्हणून त्या उस्तादाशी संबंध तोडू नका. तो फोनवर दोन वाक्यांत सांगेल ते मोबाइलवरच्या व्हिडिओत तासाभरात मिळत नाही.

सुरुवात स्विफ्टवर नको, ८०० वर करा. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं, हाताला जागा मिळते आणि चूक झाली तरी स्वस्तात सुटते. पहिलं काम तिचे तीन स्पार्क प्लग. इंजिन पूर्ण गार असताना. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. वायरी एकेक करून काढा, तिन्ही एकदम काढून कुठली कुठे ते विसरू नका. जुन्या प्लगना आतून रबर असलेली २१ ची प्लग गोटी लागते, नव्या गाड्यांना बहुधा १६ ची. नवा प्लग बसवताना गोटी आणि रॅचेट बाजूला ठेवा. वीतभर जुना रबरी पाइप प्लगच्या वरच्या टोकावर बसवा आणि पाइप बोटांनी फिरवत प्लग आत सोडा. आटा सरळ लागला तर प्लग बिनबोभाट आत जातो. वाकडा लागला तर पाइपच प्लगवर घसरतो, हेडचे आटे वाचतात. पूर्ण आत गेला की मगच गोटी लावा, वॉशर टेकल्याचं हाताला कळेल, तिथून पुढचं टॉर्क रेंचला करू द्या.